मोरीच्या पलीकडे

दिवाळीचा फराळ डब्यांत भरला की मावळातल्या घराघरांत एक काम उरते. चकल्या-करंज्या तळून काळवंडलेले तेल मोरीत ओतायचे, मागून कढत पाणी सोडायचे आणि घर स्वच्छ झाले म्हणायचे. माझ्या घरी वर्षानुवर्षे हेच झाले. कढई मीही कलती केली आहे. आपल्या आज्यांचे तेल घाण्यावरून मोजून येई, मोरीचे पाणी परसातल्या केळीच्या आळ्यात मुरे. परस गेले, केळ गेली, तेलाचे डबे आले; मोरीत गेले ते संपले, ही समजूत तेवढी आपण वारशाने जपली.

संपत काहीच नाही. नळीत चार हातांवर तेल निवते, साबणाशी मिळून थिजते, थरावर थर चढतो. गटार तुंबते तेव्हा आपण नाक दाबून माणूस बोलावतो. तो कोणत्या वस्तीतून येतो, हे आपल्याला पक्के ठाऊक असते. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी आपले तेल तो हातांनी खरवडतो आणि त्याने पाणी मागितले की आपण वेगळा पेला शोधतो. सोवळे पाळणाऱ्या समाजाचे हे सोवळे!

जे तुंबत नाही ते ओढ्याने इंद्रायणीला मिळते. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावलेली ही नदी कामशेत, देहू करत आळंदीला जाते. तेलाचा तवंग पाण्यात हवा मिसळू देत नाही. खाली मासा गुदमरतो. दिवाळीनंतर महिना भरायच्या आत आळंदीच्या यात्रेची कार्तिक वद्य एकादशी येते आणि शेकडो कोस चाललेली म्हातारी त्याच पाण्याची ओंजळ तीर्थ म्हणून ओठांना लावते. नदी फेसाळली की आपण कारखान्यांकडे बोट दाखवतो. ते बोट खोटे नाही, पण त्याच हाताला आपल्या कढईचे तेल लागलेले आहे.

लोणावळ्यातल्या वडे-भज्यांच्या कढईला नियम आहे: १ जुलै २०१८ पासून, पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारी पोलर संयुगे २५ टक्क्यांवर गेलेले तेल तळणीला वापरता येत नाही. अशा तेलाचे बायोडिझेल होते. घरच्या कढईवर मात्र निरीक्षक यायचा नाही. यंदा तेल निवू द्या, गाळून बरणीत भरा; कढई आधी रद्दीने पुसा, मग घासा. सोसायटीत एक पिंप ठेवा आणि भरले की ते बायोडिझेलसाठी तेल नेणाऱ्यालाच द्या, स्वस्तात मागणाऱ्या भज्यांच्या गाडीवाल्याला नको. नाहीतर तेच तेल उद्या एखाद्या मजुराच्या पोटात जाईल. माझ्या मोरीशेजारी पहिली बरणी ठेवली आहे.