नमुना आणि निकाल

डोंबिवली स्थानकाबाहेर पनीर घेणाऱ्या कारकुनाला त्याची शुद्धता डोळ्यांनी पारखता येत नाही. अशा बाजारात खोटा माल खऱ्याला हुसकावून लावतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्येच दाखवून दिले. म्हणूनच ग्राहकाच्या वतीने शासन अन्न सुरक्षा अधिकारी नेमते. 2006 च्या कायद्यान्वये त्याला नमुना घेण्याचा व संशयित साठा जप्त करण्याचा अधिकार आहे. मात्र विश्लेषकाच्या अहवालास 14 दिवसांची मुदत आहे. तोवर साठा अडवावा, तर निर्दोष दुकानदाराचा नाशवंत माल सडतो. न अडवावा, तर भेसळ ठाणे-कल्याणच्या घराघरांत पोचते. या पेचातून अधिकाऱ्याला सोडवायचे असेल, तर फिरत्या प्रयोगशाळेतील तत्काळ प्राथमिक चाचणी नित्याची व्हावयास हवी. केवळ धाडींची संख्या वाढवून हे साधणार नाही.