मी माणूस आहे, हे कुठल्या बटणावर सिद्ध करू?

देवगाव फाट्यावर एक रस्ता सेलूला जातो, एक जिंतूरला, एक मंठ्याला. मला तिन्ही गाड्यांच्या आवाजावरनं कळतात. मी आंधळा आहे.

दिव्यांग म्हणू नका. हा शब्द २०१५ साली पंतप्रधानांनी दिला. माझ्या आज्यालाही असंच देवाचं नाव चिकटवलं होतं, हरिजन. नावात देव आला, पण देवळाचं दार उघडलं नाही. माझ्या नावात 'दिव्य' आलं, आणि वेबसाईटचं दार बंदच.

एका योजनेचा अर्ज भरायचा होता. माझा मोबाईल बोलतो. नाव भरलं, गाव भरलं, जात भरली. शेवटी वेडीवाकडी अक्षरं असलेलं एक चित्र आलं. मोबाईल नुसता म्हणतो, "इमेज". ती अक्षरं वाच आणि तू यंत्र नाहीस, माणूस आहेस हे दाखव! वाचता येत नाही, म्हणजे मी माणूस नाही. आमच्या वस्तीला हा सवाल नवा नाही. आधी मनूचे चेले विचारायचे, आता मशीन विचारते.

मग फाट्यावरच्या ऑनलाईनच्या दुकानात गेलो. पोरगा म्हनला, "दादा, आधार द्या, ओटीपी सांगा, अंगठा लावा." समदं दिलं, वर पैसे मोजले. पोरगा भला आहे. पण माझा हक्क त्याच्या भलेपणावर का टांगून ठेवायचा? वरून ओंजळीत पाणी ओतावं तसा तो मला मिळतो. पाणी मिळतं, हौदाला हात लावायचा नाही.

कायदा नाही का? आहे की! २०१६ साली झाला, २०१७ पासून लागू आहे. सेवा देणाऱ्यांनी दोन वर्षांत सगळं सुगम करावं असं त्यात लिहिलंय. पण नियम केले ते नुसत्या शिफारशीचे. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं तो नियमच रद्द केला आणि सक्तीचे नियम करा म्हणून बजावलं. ३० एप्रिल २०२५ ला त्याच कोर्टानं सांगितलं, की डिजिटल सेवा मिळणं हा कलम २१ च्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्या खटल्यात अ‍ॅसिडनं चेहरा जळालेल्या बाया होत्या. ओळख पटवायला कॅमेरा म्हणतो, पापणी मिटा. पापणीच उरली नाही, तिनं काय मिटायचं?

कागदावर तर चवदार तळंही खुलं होतं. १९२३ साली बोल्यांचा ठराव पास झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केलं. पाणी कुणाला मिळालं? २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर उतरले, तेव्हा ओंजळ पाण्याला लागली.

शहाणे म्हणतात, थोड्या लोकांसाठी एवढा खर्च कशाला? २०११ च्या जनगणनेत आम्ही २ कोटी ६८ लाख होतो. शंभरातले ६९ खेड्यात. देशात अपंग २.२१ टक्के, अनुसूचित जातींत २.४५. अर्धपोटी बाळंतीण, गटारात उतरलेला बाप, लांबचा दवाखाना. हिशेब तुम्हीच करा.

आणि खर्च कसला? कंप्युटरचा पडदा वाचून दाखवणारा एनव्हीडीए मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या आंधळ्या तरुणानं २००६ साली सुरू केला. तो फुकट मिळतो. मोबाईलमधला वाचक मोबाईलबरोबरच येतो. आम्ही आमचं काम केलंय. तुम्ही बटणाला नाव द्या. चित्रामागं दोन शब्द लिहा. जीआरचा फोटो चिकटवू नका, युनिकोडात टाका. ओटीपीला थोडा वेळ जास्त द्या. एवढंच!

आपल्या वस्तीतली पोरं आज पुण्या-मुंबईत कंप्युटरवर बसून हेच फॉर्म बनवतात. त्यांना माझं सांगणं आहे: एकदा पडदा बंद करा, माऊस बाजूला ठेवा, आणि तुमचाच फॉर्म भरून दाखवा. नाही भरता आला, तर तळ्याला कुंपण घालणाऱ्यांत तुमचाही हात आहे.

आम्हाला वरून ओतलेलं पाणी नको. आम्ही तळ्यावर येतोय.