वाऱ्याविना मासे

मे महिन्यात जपानमध्ये दोन गोष्टी खाली येतात. ५ तारखेच्या बालदिनासाठी उंच काठ्यांवर चढवलेले कापडी मासे, म्हणजे कोइनोबोरी, ही पहिली. एप्रिलमध्ये कोरा सूट घालून कामावर रुजू झालेल्या पोरांची उमेद ही दुसरी. तिकडे शाळा, विद्यापीठ, नोकरी सगळ्यांचा मुहूर्त एप्रिलचा. महिनाअखेरीस ‘गोल्डन वीक’च्या सुट्ट्या लागतात आणि त्या संपल्या की सकाळी अंथरुणातून उठवत नाही. या दुखण्याला ‘गोगात्सुब्यो’, मे महिन्याचा आजार, म्हणतात. वैद्यकाच्या पुस्तकात हे नाव नाही. प्रवेशपरीक्षेच्या चरकातून पिळून निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी ते रूढ झाले आणि पुढे नोकरदारांनाही चिकटले.

पण या अवस्थेसाठी त्या भाषेकडे याहून नेमका शब्द आहे. चार चित्राक्षरांचा, ‘इकि-शोचिन’. पहिली दोन अक्षरे मिळून उमेद, तिसरे विझण्याचे, नाहीसे होण्याचे, चौथे बुडण्याचे. पूर्वी तिसऱ्या जागी वेगळे अक्षर लिहीत, धातू वितळण्याचे. युद्धानंतर, १९४६ साली, सरकारने रोजच्या वापरासाठी १८५० अक्षरांची यादी ठरवली. त्या यादीत ते अवघड अक्षर बसले नाही आणि पुढे त्याच उच्चाराचे सोपे अक्षर त्याच्या जागी आले. कानाला काही फरक कळला नाही, डोळ्यासमोरची भट्टी मात्र गेली. आमच्या मते हा सौदा तोट्याचा. वितळलेला धातू कुठे जात नाही, त्याचा फक्त आकार जातो.

गंमत अशी, की छाती फुगवून चालणाऱ्याला जपानी माणूस ‘इकि-योयो’ म्हणतो. त्यातही पहिली दोन अक्षरे हीच. उमेद जागेवरच राहते, तिच्यापुढची क्रियापदे तेवढी बदलतात. आपण ‘हातपाय गाळले’ म्हणतो तेव्हा गाळणारा माणूस दोषी ठरतो. ‘हिंमत हरला’ म्हटले की तो पराभूत. जपानी शब्दाच्या जवळ जाते ते आपले ‘खचणे’. रस्ता खचतो, विहिरीचा काठ खचतो, तसा माणूस खचतो. विहिरीच्या काठाला कोणी नाकर्ता म्हणत नाही.

शब्द एवढा समजूतदार, पण कचेऱ्या तशा नाहीत. तिथले ठरलेले उत्तर ‘गाम्बारे’, म्हणजे नेट लाव. नैराश्यात असलेल्याला हा शब्द ऐकवू नये, असे तिथले डॉक्टर सांगत आले आहेत. अतिश्रमाने होणारे मृत्यू टाळण्यासाठी २०१४ साली कायदा झाला. डिसेंबर २०१५ पासून पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी वर्षातून एकदा मानसिक ताणाची तपासणी सक्तीची झाली. कागद भरले जातात. आणि याच देशात पैसे घेऊन दुसऱ्याच्या वतीने राजीनामा कळवणाऱ्या कंपन्या चालतात. गोल्डन वीक संपला की त्यांचे फोन जास्तच वाजू लागतात. कायम नोकरीतल्या माणसाने दोन आठवडे आधी सांगितले तरी कायद्याला पुरते. ते दोन शब्दच तोंडातून फुटत नाहीत, म्हणून परका माणूस भाड्याने घ्यायचा! यावर हसणे सोपे आहे. ज्या पोराने तो फोन केला, त्याने आदल्या रात्री किती वेळा हातातला फोन उचलून खाली ठेवला असेल, हे मोजणारी तपासणी अजून निघालेली नाही.

माशांकडे परत येऊ. प्रवाहाविरुद्ध पोहत धबधबा चढून गेलेला कोइ मासा ड्रॅगन होतो, अशी चीनमधून आलेली कथा आहे. मुलानेही तसेच चढावे म्हणून आईबाप हे मासे उभारतात. कापडी माशाचे तोंड उघडे असते आणि पोट रिकामे. वारा आत शिरला की तो फुगतो, शेपूट हलवतो, पोहतो आहे असे वाटते. वारा पडलेल्या दुपारी तोच मासा वाळत घातलेल्या धोतरासारखा काठीला लोंबत असतो. खालून जाणारे लोक वर बघतात आणि आपल्या वाटेने जातात. ‘गाम्बारे’ म्हणून त्याच्यावर कोणी ओरडत नाही.