मोफत मुदतीचे वाचक

पैसे न देता यूजनेट वापरण्याची युक्ती आता सर्वज्ञात आहे. कंपन्या काही दिवसांची मोफत मुदत देतात. ती संपण्यापूर्वी सदस्यत्व रद्द करायचे आणि दुसऱ्या कंपनीचे दार ठोठावायचे. देऊ केलेली मुदत एकदा घेण्यात गैर काहीच नाही. नाव बदलून तीच पुन्हा घेणे ही मात्र फसवणूक होय. पण त्याआधीचा प्रश्न असा, की या मुदतीत आपल्या हाती नेमके काय येते?

१९७९-८०च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी यूजनेटची कल्पना मांडली ती संवादासाठी. पुढे त्यावर 'सोक.कल्चर.इंडियन.मराठी' हा चर्चागटही झाला. तेथील मराठी बहुधा रोमन लिपीत उमटे. आजच्या सशुल्क सेवा मुख्यतः मोठ्या फायलींचा साठा विकतात, आणि त्यांतील बराचसा स्वामित्वहक्क डावलून आलेला असतो. निव्वळ मजकूर वाचण्यासाठी मोफत सर्व्हर आजही आहेत. गूगलने फेब्रुवारी २०२४मध्ये यूजनेटवरील नव्या मजकुराची देवाणघेवाण थांबवली. जुना संग्रह तेवढा राखला.

भूम तालुक्यातील ईटच्या विद्यार्थ्याला अशा चार दिवसांच्या मुदतीचा काय उपयोग? अभ्यासाला मुदत मानवत नाही. एकदा पाहिलेला संदर्भ वर्षांनंतर पुन्हा उघडावा लागतो. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर सर्वांना खुला आहे तो सार्वजनिक खर्चातून. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामागेही हाच विचार होता. मुदती चुकवण्यात विद्यार्थ्यांची हुशारी खर्ची पडू द्यायची नसेल, तर असे खुले साठे वाढावेत हा आग्रह आपण अध्यापकांनीच धरला पाहिजे.