बांधावरचा आणा आणि चंद्रावरचे 860 मीटर

इंदापूर तालुक्यातल्या शेळगावात मोजणी आली की बांधावर दोन मते उभी राहतात. एकाच्या हातात टिपणाची, म्हणजे जुन्या मोजणीच्या नोंदीची नक्कल, दुसऱ्याचे डोळे उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या रोव्हरच्या काठीवर. टिपण म्हणते हद्द इथे, काठी म्हणते हातभर पलीकडे. खरे कोणाचे धरायचे?

रोव्हरची बाजू भक्कम आहे. जुनी साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. म्हणजे एक आणा सुमारे 63 सेंटिमीटर. टिपणातली मापे साखळी-आण्यांत आहेत. 200 मीटर लांबीचा बांध एक आणा सरकला तर सव्वा गुंठा इकडचा तिकडे जातो, आणि उसाच्या पट्ट्यात भाऊबंदकी पेटायला एवढे पुष्कळ झाले. रोव्हर तोच बिंदू काही सेंटिमीटरांच्या आत सांगतो.

पण बारीक ते बरोबरच असते असे नाही, आणि हे इंदापूर तालुक्याला नव्याने सांगायला नको. 1820 च्या दशकात ब्रिटिश अधिकारी प्रिंगल यांनी जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा अतिशय काटेकोर हिशेब मांडून सारा ठरवला. तो कागदावर नेटका होता, रयतेला पेलला नाही. लोक जमिनी टाकून गेले. मग 1835 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी याच तालुक्यातून नव्याने सुरुवात केली आणि मुंबई इलाख्याची पुढची जमाबंदी त्या वळणावर गेली.

चंद्राच्या नकाशात हाच पेच आहे. तिथे अक्षांश-रेखांशांच्या दोन चौकटी चालतात. एक चंद्राच्या वस्तुमानाच्या मुख्य अक्षांवर बसवलेली. गुरुत्वाचे आणि चंद्राच्या डोलण्याचे गणित तिच्यात सोपे जाते. दुसरी चंद्राचा फिरण्याचा अक्ष आणि पृथ्वीची सरासरी दिशा धरून. नकाशे तिच्यात छापतात. एकाच विवराचे अक्षांश-रेखांश दोन्हींत लिहिले तर जागेवर सुमारे 860 मीटरांचा फरक पडतो. यात चूक कोणाचीच नाही. मात्र 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 च्या विक्रम लँडरसाठी आखलेली जागा 4 किलोमीटर बाय 2.4 किलोमीटरच होती. तिथे चौकटींची गल्लत परवडली नसती. शिवाय खुणा लागतात. अपोलो आणि लुनोखोद मोहिमांनी ठेवलेले पाच आरसे पृथ्वीवरून लेसरने मोजता येतात, पण ते सगळे आपल्याकडच्या बाजूला. पलीकडच्या बाजूचे क्लेमेंटाइन यानाचे 1990 च्या दशकातले नकाशे काही ठिकाणी कित्येक किलोमीटरांनी हुकले. फोटो चांगले होते. ते बांधून ठेवायला जमिनीवर खूण नव्हती.

बांधावरही खूणच मोलाची, म्हणून माझे मत टिपणाकडे झुकते, पण अर्धेच. हद्दीचा जुना दगड जागेवर असेल तर तोच धरावा आणि रोव्हरने त्याची नोंद करावी. ट्रॅक्टरने दगड कधीच उखडले असतील, आणि बहुतेक ठिकाणी तेच झाले आहे, तर एकट्या गटाची मोजणी करून भागत नाही. शेजारच्या चार-दोन गटांच्या शाबूत खुणा शोधून त्यांवर टिपण बसवावे लागते. अर्जदाराला हा खर्च आणि वेळ जड वाटतो, त्याचेही खोटे नाही. तो भार एकट्याच्या माथी मारू नये.

आणि मोजणीनंतर अर्जदाराला मिळणाऱ्या नकाशाच्या ‘क’ प्रतीवर नुसते आकडे नकोत. कोणती चौकट, कोणत्या वर्षाची, चूक किती सेंटिमीटरांची, हेही छापावे. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. बांध जागचा हलत नाही, पण वर्ष न लिहिलेला आकडा बारा-तेरा वर्षांत सुमारे एक आणा चुकलेला असतो.