मेनफ्रेमची सेटिंग वेगळी ठेवा
बँकेत मेनफ्रेमच्या कामाला लागलेल्या आमच्या मुलामुलींनो, कंपनीकडून आलेल्या तयार पॅकेजच्या लायब्ररीत हात घालू नका. नवी आवृत्ती चढली की तुमचे बदल पुसले जातात. मग रात्रीचे काम अडले तर पहिले बोट कोणाकडे जाते, हे आम्हांला कोणी शिकवायला नको! नमुन्याचे मेंबर स्वतःच्या लायब्ररीत उतरवून घ्या, तेथेच बदला. जेसीएलमध्ये आपली लायब्ररी आधी आणि कंपनीची नंतर जोडा. एकाच नावाचे मेंबर दोन्हीकडे असले तर यंत्र पहिले उचलते. ओळ बहुधा ८० अक्षरांची, जुन्या पंच कार्डाएवढी. पण पुष्कळ प्रोग्राम ७२ व्या रकान्यापुढचे वाचतच नाहीत, आणि तसे सांगतही नाहीत.