अभ्यासू मुलांसाठीं कॉलेज कसें निवडावें

गेल्या महिन्यांत एके संध्याकाळीं आम्ही पूर्णगडास आपल्या ओटीवर बसलों असतां शेजारच्या घरांतील आजोबा आले. त्यांची थोरली नात यंदा बारावीस आहे. गणितांत तिची बुद्धि असामान्य. शाळेंत पहिला क्रमांक तिनें कधीं सोडला नाहीं. तरी आजोबा चिंतेंत दिसले.

"गुरुजी, पोर हुशार आहे हो. पण पुण्याचा धाकटा म्हणतो, नुसत्या गुणांनीं हल्लीं भागत नाहीं. खेळ, नाटक, वक्तृत्व, समाजसेवा, कांहींतरी दाखवावें लागतें. हिच्यापाशीं तर यांतलें कांहींच नाहीं."

तिचें नांव वक्तृत्वाच्या वर्गांत घालावें व ओळखीनें समाजसेवेचें एखादें प्रमाणपत्र मिळवावें, असा घरांत विचार चालला होता. नात दाराआड उभी होती. तिचा उतरलेला चेहरा पाहून आम्हांस आमचीच एक जुनी चूक आठवली. शिक्षक असतांना एका अबोल पण अतिशय हुशार मुलास, सर्वांगीण विकास व्हावा म्हणून, आम्ही बळेंच भाषणास उभें केलें. दोन वाक्यांनंतर त्याची वाचा बसली आणि सभा हंसली. आठ दिवस तो शाळेंत आला नाहीं. आला, पण पूर्वीप्रमाणें हात वर करून उत्तर देणें त्यानें सोडून दिलें होतें. ती बोंच आमच्या मनांत अद्याप आहे.

आमचें स्वतःचें शिक्षण शाळांत परीक्षेपर्यंतचें. म्हणून आम्ही आधीं चौकशी केली आणि मगच आजोबांशीं बोललों. कोणतें कॉलेज काय मागतें, हें पालकांनीं प्रथम पाहावें. रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकर महाविद्यालयांत (स्थापना १९४५) बी.एस्सी.चा प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळतो. राज्यांतील अभियांत्रिकीचा क्रम सीईटीच्या गुणांवर लागतो. २००६ सालीं स्थापन झालेली पुण्याची आयसर आपल्या प्रवेशपरीक्षेनें विद्यार्थी घेते आणि चेन्नईची गणित संस्थाहि स्वतःची लेखी परीक्षा घेते. या ठिकाणीं नाटकांत काम केलें होतें काय, असें कोणी विचारीत नाहीं. सोनीपतच्या अशोकासारखीं नवीं खासगी विद्यापीठें व अमेरिकेंतील बरींच विद्यापीठें मात्र निबंध आणि उपक्रम पाहतात. इंग्लंडांतील केंब्रिजचा भर आजहि विषयांतील गतीवरच असतो. म्हणजे धाकट्या चिरंजिवांचें म्हणणें खोटें नाहीं. तें थोड्या ठिकाणांपुरतें खरें आहे.

दुसरी गोष्ट शिक्षकांची. आपल्याच जिल्ह्यांतील मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत शिकले. त्यांचे आप्त धोंडो केशव कर्वे १८९१ पासून तेथें गणित शिकवीत होते. पुढें परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले आणि १८९९ सालीं सीनिअर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. अबोल विद्यार्थ्यास ओळखणारा एक शिक्षक जेथें भेटेल, तें कॉलेज त्याला मोठें. म्हणून इमारत पाहण्याआधीं विषय कोण शिकवितात, वर्गांत मुलें किती, ग्रंथालय किती वेळ उघडें असतें, हें विचारावें.

आम्ही खेळांच्या किंवा कलांच्या विरुद्ध नाहीं. टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष बव्हंशीं तालमींत घालविलें, हें सर्वश्रुत आहे. परंतु तें शरीर कमावण्यासाठीं होतें, प्रमाणपत्रासाठीं नव्हे. मुलीस आवड असेल तर तिनें अवश्य गावें, पोहावें. न केलेल्या सेवेचा कागद मात्र घरांत आणूं नये. ज्या घरांत धाकट्यांस सत्य बोलावयास शिकवितात, तेथें वडीलधाऱ्यांनींच असत्य विकत आणलें तर त्या शिकवणुकीस अर्थ काय उरला?

"हिच्यापाशीं कांहींच नाहीं" हेंहि आम्हांस पटलें नाहीं. आंब्याच्या हंगामांत घरच्या पेट्यांचा सारा हिशेब हीच मुलगी ठेवते. रात्रीं चार चुलतभावंडांचें गणित करून घेते. अमेरिकेंतील पुष्कळ विद्यापीठांचा जो सामाईक अर्ज असतो, त्यांत घरची जबाबदारी हा उपक्रमांचाच एक प्रकार धरला आहे. तिकडे जाण्याचा योग आलाच, तर तिनें हेंच लिहावें. तें खरें आहे, आणि तिचें आहे.

तेव्हां आम्ही सुचविलें तें इतकेंच: चेन्नई व आयसर या दोन परीक्षा द्याव्या, सीईटीचा अर्ज भरावा आणि रत्नागिरीचें कॉलेज हाताशीं ठेवावें. तेथेंहि मन लावून शिकणाऱ्याचें अडत नाहीं.

इतका वेळ गप्प असलेली नात तेव्हां बाहेर आली. "गुरुजी, परीक्षा मी देईन. पण उत्तीर्ण झालें, तर मला चेन्नईला पाठवतील का?"

ओटीवर कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. घरांत चार महिने उपक्रमांची चर्चा चालली होती. हा प्रश्न मात्र कोणींच काढला नव्हता. वाचकहो, आपल्याहि घरीं तो दाराआड उभा असेल. परीक्षेपूर्वीं त्याचें उत्तर देणें हें वडीलधाऱ्यांचें काम आहे.

आजोबांनीं पानाचा डबा मिटला आणि आम्हांस विचारलें, "चेन्नईस जावयाचें, तर गाडी कोठें बदलावी लागते हो?"